पैलूदार स्फटिककाचेच्या जुन्या पेल्यांची ओळख आणि मूल्यनिर्धारण : वॉटरफर्डच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना :

शास्त्रीय अर्थाने काच हा स्फटिक नव्हे. स्फटिकात अणूंची मांडणी ठरावीक क्रमाने पुन्हा पुन्हा येते. काचेत असा क्रम नसतो. तथापि शिसेयुक्त, निर्मळ व जड काचेला 'क्रिस्टल' म्हणण्याचा प्रघात युरोपातील व्यापारात तीन शतकांहून अधिक काळ चालत आला असून मराठीतही 'स्फटिककाच' हा शब्द त्याच अर्थाने वापरता येतो. अशा काचेवर फिरत्या चाकाने खाचा घेऊन नक्षी काढली जाते, तेव्हा तिला पैलूदार स्फटिककाच म्हणतात. 'पैलू पाडणे' हा शब्दप्रयोग आपल्याकडे रत्नपारख्यांच्या व्यवसायातून आलेला आहे आणि येथे तो तंतोतंत लागू पडतो. कारण हिऱ्याप्रमाणेच या काचेचे सौंदर्य तिच्या रंगात नसून प्रकाश वळविण्याच्या शक्तीत असते.

प्रस्तुत लेखात वाटी, दांडी व बैठक असे तीन भाग असलेल्या मद्यपेल्यांचाच विचार केला आहे. या पेल्यांचा प्रश्न अनेकदा घर मोडताना किंवा वाटणीच्या वेळी पुढे येतो. सहा किंवा आठ पेल्यांचा संच कपाटातून निघतो. तो कोणी साधे काचसामान म्हणून देऊन टाकतो, तर कोणी तळाशी एखादे नाव वाचून त्याची अवास्तव किंमत धरून बसतो. दोन्ही चुकांचे मूळ एकच आहे. वस्तूचा पुरावा समग्रपणे वाचण्याऐवजी एखाद्याच खुणेवर विसंबले जाते. ही बाब आयर्लंडमधील वॉटरफर्ड या गावाच्या उदाहरणाने जितकी स्पष्ट होते, तितकी क्वचितच अन्य उदाहरणाने होते. म्हणून तेच येथे मध्यवर्ती मानले आहे.

शिसे, कर आणि पैलू :

लंडनमधील जॉर्ज रेव्हनस्क्रॉफ्ट याने १६७४ मध्ये नव्या प्रकारच्या निर्मळ काचेचे एकस्व मिळविले. आरंभीच्या त्याच्या काचेत बारीक तड्यांचे जाळे पडत असे. पुढील काही वर्षांत मिश्रणात शिशाच्या ऑक्साइडचे प्रमाण वाढविल्यावर हा दोष आटोक्यात आला. शिशामुळे तीन गोष्टी एकदम साधल्या. काच जड झाली. तिचा अपवर्तनांक व अपस्करणशक्ती वाढली, म्हणजे प्रकाशाचे सप्तरंगी विभाजन अधिक ठळक झाले. आणि ती तुलनेने मऊ झाल्यामुळे चाकाखाली सहज कापता येऊ लागली. पैलूकामाची कला आणि शिसेयुक्त काच यांचे साहचर्य असे पदार्थाच्या गुणधर्मातूनच आलेले आहे.

यानंतरचा टप्पा मात्र महसुलाचा आहे. ब्रिटिश संसदेने १७४५ च्या कायद्याने काचेवर वजनाच्या हिशेबाने कर बसविला. साहजिकच इंग्लंडमधील कारागिरांना जाड काच परवडेनाशी झाली; पेले हलके झाले आणि पैलू उथळ राहिले. आयर्लंडला हा कर लागू नव्हता, पण तेथून काच निर्यात करण्यास बंदी होती. १७८० मध्ये ही बंदी उठली. परिणामी इंग्लंडमधील भांडवल व कारागीर आयर्लंडकडे वळले आणि जाड काचेवर खोल पैलू पाडण्याची शैली तेथे बहरली. १८२५ मध्ये आयर्लंडलाही कर लागू झाला आणि ही अनुकूलता संपली. कर पूर्णपणे रद्द झाला तो १८४५ मध्ये. एखाद्या पेल्याच्या काचेची जाडी आणि खाचेची खोली हा करधोरणाचाही पुरावा ठरू शकतो, ही गोष्ट अर्थशास्त्राच्या अध्यापकांनी वर्गात सांगण्याजोगी आहे.

दोन वॉटरफर्ड :

जॉर्ज व विल्यम पेनरोज यांनी १७८३ मध्ये वॉटरफर्ड येथे काचकारखाना काढला. इंग्लंडमधील स्टाउरब्रिज येथील जॉन हिल हा आपल्याबरोबर कारागीर घेऊन तेथे आला. १७८६ मध्ये तो वॉटरफर्ड सोडून गेला, पण जाताना मिश्रणाची कृती जोनाथन गॅचेल याच्या स्वाधीन करून गेला. पुढे कारखाना गॅचेल कुटुंबाकडे आला. १८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनात त्यांनी आपला माल मांडला आणि त्याच वर्षी कारखाना बंद पडला.

त्यानंतर ९६ वर्षे वॉटरफर्डची काच अस्तित्वातच नव्हती. १९४७ मध्ये चेक उद्योजक चार्ल्स बासिक याने तेथे नवा कारखाना सुरू केला आणि आपला देशबांधव मिरोस्लाव्ह हावेल याला आरेखक म्हणून बोलावून घेतले. हावेल याने डब्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयातील जुन्या आयरिश काचेचा अभ्यास करून नव्या नक्षी तयार केल्या. त्याची 'लिस्मोर' ही १९५२ ची नक्षी सर्वाधिक लोकप्रिय ठरली. वाटीच्या खालच्या अंगास शंकरपाळ्याच्या आकाराचे लहान पैलू आणि त्यांच्यावर उभ्या, वर निमुळत्या होत जाणाऱ्या खाचा, अशी तिची ठेवण आहे. पुढे वॉटरफर्ड-वेजवूड समूह २००९ मध्ये दिवाळखोरीत गेला व किल्बॅरी येथील मोठा कारखाना बंद झाला. २०१० मध्ये वॉटरफर्ड शहरात एक लहान कार्यशाळा उघडण्यात आली. २०१५ मध्ये फिस्कार्स या फिनलंडच्या कंपनीने हा व्यवसाय विकत घेतला. आता या नावाच्या मालाचा मोठा भाग आयर्लंडबाहेर तयार होतो.

हा तपशील केवळ इतिहास म्हणून दिलेला नाही. 'आजोबांनी १९२० मध्ये विलायतेत नवा घेतलेला वॉटरफर्डचा पेला' ही वस्तू असूच शकत नाही. तो एक तर १८५१ पूर्वीचा जुना पेला असेल, नाही तर वॉटरफर्डचा नसेल. साध्या कालगणनेने असे कितीतरी दावे आपोआप निकालात निघतात. दुसरी बाब अशी की नव्या कारखान्याने जुन्या शैलीचा जाणीवपूर्वक आधार घेतल्यामुळे केवळ नक्षी पाहून काळ ठरविणे धोक्याचे आहे.

जुन्या वॉटरफर्डविषयी आणखी एक समज दीर्घकाळ टिकून होता. या काचेत निळसर छटा असते, असे विक्रेते व संग्राहक सांगत. डब्लिनच्या संग्रहालयातील डडली वेस्ट्रॉप यांनी १९२० साली प्रसिद्ध झालेल्या आयरिश काचेवरील ग्रंथात मूळ कागदपत्रांच्या आधारे हा विषय तपासला. तळाशी साच्यातून उमटलेले 'पेनरोज वॉटरफर्ड' हे नाव असलेल्या सुरया पाहिल्या, तर काच निर्मळ आढळते. निळसर छटा ही वॉटरफर्डची खूण नव्हे. येथे हेही नमूद केले पाहिजे की असे नाव प्रामुख्याने सुरयांच्या तळाशी आढळते. त्या काळातील दांडीच्या पेल्यांवर ते मिळत नाही. म्हणून १८०० च्या आसपासच्या पेल्याचे वर्णन 'इंग्लिश किंवा आयरिश' एवढेच करणे प्रामाणिकपणाचे होईल. प्रस्तुत लेखकाच्या मते 'जुने वॉटरफर्ड' असे छातीठोकपणे लिहिणारी विक्रीसूची वाचकाने सावधपणे वाचावी.

हात आणि डोळा यांची परीक्षा :

प्रथम प्रश्न असा, की नक्षी खरोखर कापलेली आहे की साच्यातून आलेली ? चाकाने कापलेल्या खाचेची धार बोटाला स्पष्ट लागते. साच्यातील नक्षीच्या कडा गोलसर असतात. वाटीच्या आतून बोट फिरविल्यास साच्यात फुंकलेल्या पेल्यात बाहेरच्या नक्षीचे उंचसखलपण आतही जाणवते, तर कापलेल्या पेल्याचा आतील पृष्ठभाग सरळ असतो. मात्र दाबयंत्राने बनविलेल्या पेल्याचा आतील भागही गुळगुळीत असतो. त्यामुळे तेथे दांडीवरून अगर वाटीवरून गेलेली साच्याच्या जोडाची रेघ शोधावी लागते. काही वेळा साच्यातील नक्षीवरच चाक फिरवून धार आणलेली असते. ती ओळखणे सर्वांत कठीण.

हाताने कापलेल्या नक्षीत परिपूर्णता नसते. दोन खाचा जेथे मिळायच्या तेथे एखादी किंचित पुढे गेलेली असते. संचातील दोन पेले शेजारी धरले, तर शंकरपाळ्यांच्या आकारात सूक्ष्म फरक दिसतो. हे दोष नसून पुरावे आहेत. भिंगातून खाचेचा तळ पाहिल्यास झिलई कशी दिली याचाही अंदाज येतो. पूर्वी लोखंडी चाकावर वाळू टाकून खाच घेत, दगडी चाकाने ती साफ करीत आणि शेवटी लाकडी चाकावर कथिलाच्या ऑक्साइडची भुकटी लावून झिलई देत. अशा खाचेत बारीक समांतर रेषा राहून जातात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून हायड्रोफ्लुओरिक व सल्फ्युरिक आम्लांच्या मिश्रणात पेला बुडवून झिलई देण्याची पद्धत रूढ होत गेली. तिच्यात खाच एकसारखी चकाकते आणि धार थोडी बोथट होते. हा भेद लेखी वर्णनावरून लक्षात येणे अवघड आहे. दोन्ही प्रकारचे पेले एकदा शेजारी ठेवून पाहिले, की पुन्हा विसरत नाही.

बैठकीचा तळ हा पेल्याचा सर्वांत बोलका भाग होय. फुंकणनळीवरून काढताना पेला ज्या लोखंडी सळईला चिकटवीत, तिचा खडबडीत व्रण अठराव्या शतकातील पेल्यांच्या तळाशी बहुधा तसाच राहिलेला दिसतो. पुढे तो घासून तेथे गुळगुळीत खळगा करू लागले आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर सळईऐवजी चिमट्यासारखे साधन आल्यावर तो उरलाच नाही. जुन्या पेल्यांची बैठक पुष्कळदा वाटीच्या तोंडाइतकी किंवा त्याहून रुंद असते. दीर्घ वापराने तळाच्या टेकत्या कडेवर निरनिराळ्या दिशांना जाणारे बारीक ओरखडे पडतात. सर्व ओरखडे एकाच दिशेने गेलेले असतील, किंवा तळाचा जो भाग मेजाला टेकत नाही तेथेही ते असतील, तर घासकागदाचा संशय घ्यावा.

टिचकी मारून आवाज ऐकण्याची पद्धत लोकप्रिय आहे. शिसेयुक्त काच अधिक वेळ निनादते हे खरे; पण निनाद वाटीच्या आकारावर व जाडीवरही अवलंबून असतो. तिचा खरा उपयोग वेगळाच आहे : एकाच संचातील एखादा पेला बद्द वाजला, तर त्यात न दिसणारी चीर आहे असे समजावे.

घनतेची कसोटी :

युरोपीय आर्थिक समुदायाने १९६९ मध्ये काढलेल्या निर्देशानुसार शिशाच्या ऑक्साइडचे प्रमाण किमान ३० टक्के व घनता किमान ३.०० असलेली काच 'पूर्ण शिसेयुक्त स्फटिककाच' ठरते. प्रमाण किमान २४ टक्के, घनता किमान २.९० आणि अपवर्तनांक किमान १.५४५ असल्यास ती 'शिसेयुक्त स्फटिककाच' होय. या दोन्ही वर्गांना सोनेरी गोल चिठ्ठी लावता येते. त्यांखालील दोन वर्गांना चंदेरी रंगाची अनुक्रमे चौकोनी व त्रिकोणी चिठ्ठी असते. नेहमीच्या सोडा-चुना काचेची घनता सुमारे २.५ असते.

महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत ही कसोटी पेल्याला धक्का न लावता करता येते. आर्किमिडीजच्या तत्त्वाप्रमाणे पेला हवेत व नंतर दोऱ्याने टांगून पाण्यात पूर्ण बुडवून तोलावा. समजा, हवेतील वजन २४८ ग्रॅम आणि पाण्यातील १६३ ग्रॅम भरले, तर फरक ८५ ग्रॅम, म्हणजेच आकारमान सुमारे ८५ घन सेंटिमीटर. आणि घनता सुमारे २.९२. हा पेला शिसेयुक्त मानण्यास हरकत नाही. खाचांत अडकलेले हवेचे बुडबुडे झटकून टाकावेत, अन्यथा घनता कमी दिसते. लघुतरंग अतिनील दिव्याखाली शिसेयुक्त काच निळसर प्रतिदीप्ती दाखविते, हीदेखील एक पूरक कसोटी आहे. मात्र तो दिवा डोळ्यांना अपायकारक असल्याने संरक्षक चष्म्याशिवाय वापरू नये.

अर्थात या कसोटीची मर्यादा ध्यानात घ्यावी. ती पदार्थ सांगते, कर्ता सांगत नाही. फ्रान्समधील बॅकारा, आयर्लंडमधील वॉटरफर्ड आणि बोहेमियातील एखादा कारखाना, या तिन्ही ठिकाणची शिसेयुक्त काच घनतेवरून वेगळी करता येणार नाही.

चिन्हाचे स्थान :

नव्या वॉटरफर्डच्या पेल्यावर बैठकीच्या तळाशी आम्लाने उमटविलेले 'वॉटरफर्ड' हे बारीक गॉथिक वळणाचे नाव असते. इ. स. २००० च्या सुमारास त्याच्या जोडीस समुद्रघोड्याची आकृती आली. चिन्ह पुष्कळदा झिजून अंधुक होते. तिरप्या प्रकाशात धरून त्यावर श्वासाची वाफ सोडल्यास ते क्षणभर दिसते. बॅकाराने १८६० मध्ये आपले चिन्ह नोंदविले, परंतु ते कागदी चिठ्ठीच्या रूपात होते व चिठ्ठ्या धुण्यात निघून गेल्या. आम्लाने उमटविलेले चिन्ह तेथे १९३६ पासून नियमित झाले. यावरून दोन निष्कर्ष निघतात. चिन्ह नाही म्हणून पेला हलका ठरत नाही. उलट १९३६ पूर्वीच्या बॅकारा पेल्यावर ते नसणेच स्वाभाविक आहे. आणि चिन्ह आहे एवढ्यावरून तो खरा ठरत नाही, कारण आम्लाचा ठसा नंतरही उमटविता येतो. शिवाय एकाच नावाखाली भिन्न दर्जाचा माल असू शकतो. 'मार्क्विस' ही वॉटरफर्डची १९९१ मध्ये आलेली, तुलनेने स्वस्त व आयर्लंडबाहेर बनणारी श्रेणी आहे. तिचा पेला लिस्मोरच्या जुन्या आयरिश पेल्याच्या भावाने घेणे हा नामवाचनाचा दोष होय.

मूल्यनिर्धारण :

मूल्य ही एकच संख्या नसते. विम्यासाठी धरावयाचे मूल्य म्हणजे तसाच पेला दुकानातून पुन्हा मिळविण्याचा खर्च. वाटणीसाठी धरावयाचे मूल्य म्हणजे माहीतगार विक्रेता व ग्राहक यांच्यात सक्तीविना ठरेल तो भाव. आणि लिलावात हाती येते ती रक्कम बहुधा या दोहोंपेक्षा कमी. कोणत्या हेतूने मूल्य काढावयाचे हे आधी न ठरविल्यास पुढील सर्व चर्चा निष्फळ ठरते. भावंडांतील पुष्कळसे वाद वस्तूविषयी नसून मूल्याच्या व्याख्येविषयी असतात.

हेतू ठरल्यावर स्थिती पाहावी. काठावरील टवका दिसतो. पण टवका काढण्यासाठी काठ घासून खाली आणलेला असेल, तर तो सहज दिसत नाही. त्यासाठी संचातील सर्व पेल्यांची उंची मोजावी व नक्षीच्या वरच्या टोकापासून काठापर्यंतचे अंतर ताडून पाहावे. एखाद्यात हे अंतर दोन-तीन मिलिमीटरने कमी भरले व काठ सपाट असला, तर दुरुस्ती झाली असे मानण्यास आधार मिळतो. धूसरपणाचेही दोन प्रकार आहेत. क्षारयुक्त पाण्याचा थर सौम्य व्हिनेगरने निघतो. यंत्रात वारंवार धुतल्याने कोरला गेलेला पृष्ठभाग मात्र पूर्ववत होत नाही आणि तेथे मूल्य लक्षणीय घटते.

दुर्मीळता व वय यांचा संबंध वाटतो तितका सरळ नाही. लिस्मोर नक्षी १९५२ पासून प्रचंड प्रमाणात बनली. त्यामुळे तिचे वापरलेले पेले नव्यांच्या दुकानभावापेक्षा बरेच स्वस्त मिळतात. तरीही फुटलेला पेला भरून काढू पाहणाऱ्यांची मागणी सतत असते. अमेरिकेतील ग्रीन्सबरो येथे १९८१ मध्ये स्थापन झालेल्या 'रिप्लेसमेंट्स' या कंपनीचा व्यवसाय प्रामुख्याने याच गरजेवर उभा आहे. याउलट बंद झालेल्या, थोड्या काळ चाललेल्या नक्षीचा पूर्ण संच सुट्या पेल्यांच्या बेरजेपेक्षा अधिक किमतीचा ठरू शकतो. म्हणून वाटणीत बारा पेल्यांचे चार-चार असे तीन वाटे करण्यापूर्वी विचार करावा.

भारतातील संदर्भात पूर्वपीठिकेला विशेष महत्त्व आहे. एकोणिसाव्या शतकात बर्मिंगहॅमच्या ऑस्लर कंपनीचे कोलकात्यात विक्रीदालन होते आणि संस्थानिकांच्या वाड्यांत युरोपीय पैलूदार काच मोठ्या प्रमाणावर आली. ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्यात शिंदे घराण्याच्या भोजनमेजावर फिरणारी चांदीची आगगाडी आणि तिच्यावरील पैलूदार काचेची पात्रे प्रसिद्ध आहेत. त्यामुळे 'संस्थानातून आलेला पेला' हे वाक्य अशक्य नाही. पण त्यास खरेदीची पावती, जुने छायाचित्र, सामानाची यादी किंवा मूळ पेटी यांपैकी काही आधार असल्याशिवाय त्याची किंमत धरू नये. मुंबईच्या चोरबाजारात असे वाक्य वस्तूबरोबर फुकट मिळते.

वापर व कायदा :

शिसेयुक्त काचेतून मद्यात शिसे उतरते. ग्राझियानो व ब्लम यांनी १९९१ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, लिटरला ८९ मायक्रोग्रॅम शिसे असलेली पोर्ट वाइन तीन स्फटिककाचेच्या सुरयांत चार महिने ठेवल्यावर हे प्रमाण २,१६२ ते ५,३३१ मायक्रोग्रॅमपर्यंत गेल्याचे आढळले. पेल्यात द्रव काही तासच राहत असल्याने त्यात उतरणारे शिसे याच्या तुलनेत फारच कमी असते. तरीही गर्भवती स्त्रिया व मुले यांनी असे पेले न वापरणेच इष्ट. सरबत किंवा फळांचे रस आम्लधर्मी असल्याने तेही त्यांत साठवून ठेवू नयेत.

परदेशी स्थायिक झालेल्या मुलांकडे असे पेले पाठविण्याचा प्रसंग अनेक कुटुंबांत येतो. १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी अधिनियमानुसार शंभर वर्षांहून जुनी, ऐतिहासिक वा कलात्मक महत्त्वाची वस्तू पुरावस्तू ठरू शकते आणि तिची निर्यात खासगी व्यक्तीस करता येत नाही. १९५२ नंतरच्या लिस्मोर संचास ही अडचण नाही. १८२० च्या आसपासच्या पेल्याबाबत मात्र तो सामानात बांधण्यापूर्वी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून लेखी अभिप्राय घ्यावा. त्या अर्जासोबत पेल्याची उंची, वजन, घनता, तळाचे छायाचित्र आणि नक्षीचे वर्णन जोडल्यास तपासणीचे काम सुकर होते.